एका सिस्टरच्या वाट्याला दहा हजार माणसे

इंदुरात कचऱ्याची गाडी रोज सकाळी गल्लीत येते, आणि एखाद्या दिवशी चुकली तर दुपारच्या आत तक्रार जाते. कोणत्या गल्लीला कोणती गाडी, गाडीवर कोण, त्याच्यावर देखरेख करणारा दरोगा कोण, सगळे ठरलेले असते. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिले येत राहिले, त्यात झाडूइतकाच वाटा या वाटणीचा आहे. आता सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग, कुठल्याही मराठी घरात विचारून पाहा: तुमच्या भागाची एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्य परिचारिका, कोण? नाव फार थोड्यांना सांगता येईल. पुष्कळांना अशी कोणी असते हेच ठाऊक नसेल.

वस्त्यांमध्ये तिला ‘सिस्टर’ किंवा ‘दीदी’ म्हणतात, पण तिथेही ओळख सुई टोचणारी एवढीच. प्रत्यक्षात तिच्या कामाची यादी करायला बसले तर पान पुरत नाही. गरोदर बाईची बारा आठवड्यांच्या आत नोंद, मग निदान चार तपासण्या, बाळाच्या लसी, कुटुंबनियोजनाचा सल्ला, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर, तोंडाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी, क्षयरोग्याच्या घरातल्यांची चौकशी, तापाच्या रोग्याची रक्तपट्टी, डेंग्यूच्या दिवसांत कूलर आणि हौद बघणे, शाळेत जंताच्या गोळ्या, जुलाबाच्या साथीत ओआरएस, आणि आशा कार्यकर्तीने आणलेल्या प्रत्येक कागदावर सही. यातले प्रत्येक काम वेगळ्या कार्यक्रमाचे. प्रत्येक कार्यक्रमाला वेगळे उद्दिष्ट, वेगळी बैठक, वेगळे ॲप. माणूस मात्र एकच.

या नोकरीची आखणीच चुकीच्या टोकाकडून झाली आहे. परिचारिकेच्या गळ्यात कार्यक्रम बांधले जातात. तिच्या नावावर घरे असायला हवीत, आणि जितकी घरे नावावर केली तितक्यांना पुरेल एवढा वेळ तिच्या हातात राहतो की नाही, हे हिशेब करून बघायला हवे. तो हिशेब सहसा कोणी करत नाही. आपण करू.

राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झाले. त्याच्या मापाने ५०,००० वस्तीला एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साधारण १०,००० माणसांमागे एक एएनएम. हजारी वीस जन्म धरले तर तिच्या भागात वर्षाला २०० बाळे. गर्भपात, माहेरी जाणाऱ्या, मध्येच भाडेकरू म्हणून येणाऱ्या धरून गरोदर बायका २२०. त्यांच्या चार-चार तपासण्या म्हणजे ८८० भेटी. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतले अल्ब्युमिन, पोटाची तपासणी आणि चार शब्द बोलणे, याला वीस मिनिटांखाली वेळ दिला तर ती तपासणी नव्हे. झाले २९३ तास. बाळांच्या सहा, दहा, चौदा आठवडे, नऊ महिने आणि सोळा महिन्यांनंतरची अशा पाच फेऱ्या, दहा मिनिटांप्रमाणे १६७ तास. तिशीच्या वरचे ४,००० धरा, वर्षातून एकदा दहा मिनिटे, ६६७ तास. या सगळ्या मिळून ५,८८० भेटी होतात. प्रत्येकीची नोंद रजिस्टरात आणि मोबाइलवर मिळून पाचच मिनिटांत उरकली तरी ४९० तास. एकूण १,६१७. वर्षाचे २८० कामाचे दिवस आणि दिवसाचे निव्वळ सात तास धरले तर हातात १,९६० असतात. उरले ३४३, म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वा तास. त्या सव्वा तासात पोलिओची मोहीम, दस्तक अभियान (घरोघरी जाऊन बालकांची तपासणी), दर महिन्याची आढावा बैठक, लस आणणे-परत पाठवणे, क्षयरोग्याच्या घरी जाणे, गोळ्या सोडून दिलेल्या बाईला पुन्हा समजावणे, आणि कुलूप दिसलेल्या घरी दुसऱ्यांदा जाणे.

हा हिशेब मुद्दाम सौम्य धरला आहे. १०,००० हा आकडा कागदावरचा. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहराची लोकसंख्या १९.६४ लाख होती, त्यानंतर भोवतालची गावे महापालिकेच्या हद्दीत आली, बायपासच्या बाजूला कॉलन्यांवर कॉलन्या उभ्या राहिल्या. जुन्या आकड्याला अंदाजाने वाढ देऊन काढलेली उद्दिष्टे एका भागात अशक्य असतात आणि दुसऱ्या भागात हास्यास्पद सोपी. मग शंभर टक्क्यांच्या वर लसीकरण झाल्याचे तक्ते दिसतात आणि त्याच तक्त्याच्या शेजारच्या गल्लीत गोवर निघतो.

एकाच बाईने सगळे करायचे, ही कल्पना आली कुठून, तेही बघायला हवे. देवीची लस टोचणारा वेगळा, मलेरियाचा माणूस वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा, अशी पूर्वी व्यवस्था होती. एकाच घरी तीन खात्यांची माणसे जात आणि कोणीच घराला पुरते ओळखत नसे. १९७३ मध्ये कर्तार सिंग समितीने हे मोडून बहुउद्देशीय कार्यकर्ता सुचवला. विचार उत्तम होता. पण त्या समितीने ३,००० ते ३,५०० माणसांमागे दोघे धरले होते, एक पुरुष आणि एक स्त्री. पुरुष कार्यकर्ता पुढे बऱ्याच ठिकाणी रिकाम्या पदातच राहिला, शहराच्या आराखड्यात तर जवळपास गळालाच. समितीचे माप खेड्याचे होते, शहरात घरे जवळजवळ असतात आणि चालणे कमी पडते, हे मान्य. पण शहरात दिवसा घराला कुलूप असते, भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतो, आणि पत्ता ‘गणपती मंदिराच्या मागे’ एवढाच असतो. दोघांचे काम एकीवर आणि माणसे तिप्पट, हे फक्त घरे जवळ आहेत म्हणून भरून निघत नाही.

वेळ कमी पडला की काम थांबत नाही, ते बिघडते. कुठे बिघडते हे बघायचे तर लसीकरणाचे एक सत्र जवळून बघावे.

सत्र अंगणवाडीत. सकाळी लसीचा डबा येतो, त्यात चार बर्फाच्या पिशव्या. या पिशव्या डीप फ्रीजरमधून काढल्या की लगेच डब्यात घालायच्या नसतात. बाहेर ठेवून त्यांना घाम सुटू द्यायचा, हलवून कानाशी धरल्यावर आत पाणी खळखळले पाहिजे, तेव्हा त्या तयार. घाईत हे टाळले तर पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस), डीपीटी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), हिपॅटायटिस बी आणि न्यूमोकोकलच्या कुप्या गोठतात. गोठलेली लस दिसायला ठीकच दिसते, पण कामाची राहत नाही. कुपीवरच्या व्हीव्हीएमचा (उष्णता लागली की रंग बदलणाऱ्या खुणेचा) आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला तर लस उन्हाने गेली हे कळते. थंडीने गेली हे मात्र तो सांगत नाही. बाळाला टोचले जाते, कार्डावर तारीख पडते, ॲपवर हिरवी खूण येते, आणि घटसर्पापासून संरक्षण नसते. ही चूक कुठल्याही आढाव्यात पकडली जात नाही. सकाळी ज्या केंद्रावर एकच माणूस चार सत्रांचे डबे भरतो आणि बाहेर गाडी उभी असते, तिथे ती होते.

पुढे गोवर-रुबेला. ही लस पावडर असते, सोबतच्या द्रावणात कालवायची. द्रावण लसीइतकेच थंड हवे आणि त्याच कंपनीने त्याच लसीसाठी दिलेले हवे. कुपी उघडली की वेळ लिहायची. चार तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, उरलेली टाकायची. बीसीजीचेही तेच. पेंटा, आयपीव्ही (पोलिओची सुई), टीडी यांसारख्या कुप्या मात्र नीट ठेवल्या, तारीख घातली आणि व्हीव्हीएम ठीक असला तर अठ्ठावीस दिवसांपर्यंत पुन्हा वापरता येतात. हा फरक प्रत्येक नर्सला पाठ असतो. घोडे अडते ते दुसरीकडे. नऊ महिन्यांचे एकच बाळ आले तरी गोवराची कुपी उघडायची, हा नियम आहे. पण महिन्याच्या बैठकीत ‘वाया गेलेले डोस’ असा रकाना असतो आणि त्यावर प्रश्न विचारले जातात. त्यामुळे सिस्टर सांगते, ‘अजून दोन मुले येऊ देत, थोडे थांबा.’ आईला कामावर जायचे असते. ती जाते आणि महिनाभर येत नाही. वाचलेल्या चार डोसांचे कौतुक होते. न टोचलेल्या बाळाचा रकानाच नसतो.

टोचल्यानंतर चार गोष्टी सांगायच्या: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचे, पुढच्या खेपेला कधी यायचे, कार्ड सांभाळून ठेवायचे. मग अर्धा तास बसवून ठेवायचे. ताप येईल हे ज्या आईला सांगितलेले नसते ती रात्री बाळ फणफणल्यावर घाबरते, सासू म्हणते ‘सुई लागू पडली नाही’, आणि चौदा आठवड्यांची फेरी बुडते. पहिली फेरी घेतलेली बाळे तिसरीला का येत नाहीत याचे उत्तर पुष्कळदा या न बोललेल्या दोन मिनिटांत असते. चाळीस बायकांची रांग आणि शेजारी वाजणारा फोन (‘दुपारी दोनपर्यंतचा आकडा पाठवा’) यात ती दोन मिनिटे सर्वांत आधी कापली जातात.

तपासणीचे रजिस्टर वाचता येणे हेही एक शास्त्र आहे. रक्तदाबाच्या रकान्यात खाली खाली १२०/८०, ११०/७०, १२०/८० असेच दिसू लागले, आणि हिमोग्लोबिन १०.२, १०.४, १०.२, तर त्या वस्तीतल्या बायका एकसारख्या आहेत असे नव्हे. पट्ट्या संपल्या होत्या, किंवा यंत्राचे सेल गेले होते, किंवा तपासणी वहीतच झाली. खरे मोजले तर ११४/७६ येते, १३८/८८ येते, वेडेवाकडे येते. बाईला पाच मिनिटे बसवून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून, पट्टा कोपराच्या दोन बोटे वर आणि बाहीवरून नव्हे, असे मोजायचे असते. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा खोटाच चढतो. आणि मोठा पट्टा किती केंद्रांवर असतो ते पाहावे. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकायचा, बोट पिळायचे नाही. पिळले की रक्तात पाणी मिसळते आणि आकडा घसरतो. एवढ्या बारकाव्यांवर एखाद्या बाईला मोठ्या इस्पितळात पाठवायचे की नाही ते ठरते. सातच्या खाली गंभीर, सात ते ९.९ मध्यम. ६.८ ला ८.२ लिहिले तर ती बाई घरीच राहते.

लोहाच्या लाल गोळ्यांचेही तसेच. गरोदरपणात रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८०. वाटप शंभर टक्के दिसते. पोटात किती जातात? मळमळते, शौचाला काळे होते, बद्धकोष्ठ होते म्हणून गोळ्या फडताळात राहतात. रात्री जेवणानंतर घ्या, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्या, चहाबरोबर नको, कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने, काळे होणे हा आजार नव्हे: हे सांगायला आणि पुढच्या भेटीत रिकामे पाकीट बघायला वेळ लागतो. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम चढायला हवे. चढले नाही तर बाईवर गोळी न खाल्ल्याचे खापर फोडण्याआधी आणखी एक गोष्ट बघायची असते. ती झाबुआ-अलिराजपूरकडची असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली का? सिंधी घरातली असेल तर थॅलेसेमिया या तशाच आजाराची? आपली माणसे ओळखणारी नर्स हे विचारते. आकडा भरणारी पुढच्या ओळीवर जाते.

झाबुआ-अलिराजपूरचे नाव आलेच आहे, तर थोडे त्या माणसांबद्दल. सुपर कॉरिडॉर आणि बायपासच्या इमारती ज्यांच्या हातांनी उभ्या राहतात ती कुटुंबे धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानी इथून येतात. बांधकामावर पत्र्याच्या खोल्यांत राहतात, काम संपले की पुढच्या साइटवर. त्यांची नोंद गावाकडे, कार्ड गावाकडे, आणि नोंदीतला मोबाइल नंबर नवऱ्याचा, तोही दर सहा महिन्यांनी बदलणारा. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात, तेव्हा या साइट ओस पडतात. त्या आठवड्यात सत्र ठेवले तर अंगणवाडीत शुकशुकाट असतो, आणि अहवालात ‘लाभार्थी उपस्थित नाहीत’ असे जाते. पंधरा दिवस आधी ठेकेदाराला भेटून, पगाराच्या दिवशी संध्याकाळी साइटवरच सत्र घेतले तर तीच मुले सापडतात. ही शहाणीव कुठल्याही परिपत्रकात नसते. ती त्या भागात चार वर्षे फिरलेल्या सिस्टरकडे असते, आणि तिला सत्राची तारीख बदलायचा अधिकार नसतो.

ॲपचे काय? यू-विनमुळे एका शहरात टोचलेले बाळ दुसऱ्या शहरात सापडू शकते, निक्षयमुळे क्षयरोग्याचा माग राहतो. हे फायदे खरे आहेत आणि कागदी रजिस्टरकडे परत जा म्हणणारे भावुक होतात. तक्रार नोंदीबद्दल नाही, तिच्या पुनरावृत्तीबद्दल आहे. एकच गरोदर बाई, तिला रक्तदाब असेल, घरात क्षयरोगी असेल, तर तिचे नाव, वय, पत्ता, आधार, मोबाइल तीन ठिकाणी तीनदा भरायचे. वर कागदी रजिस्टर ठेवायचेच, कारण तपासणीला आलेला अधिकारी तेच मागतो. वर सत्राचा फोटो जागेच्या खुणेसकट व्हॉट्सॲप गटावर. फोटोने एवढेच सिद्ध होते की ती तिथे होती. तिथे असताना तिचे डोळे बाळाकडे होते की पडद्याकडे, ते फोटोत येत नाही.

नर्सच्या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे टेहळणी. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले, माणसे दगावली. देशातल्या सर्वांत स्वच्छ म्हणवणाऱ्या शहरात हे झाले. तिथे कोणी काय कळवले आणि कोणी काय ऐकले नाही, ती चौकशी वेगळी. पण पाण्याची साथ साधारणपणे कशी दिसू लागते हे ठरलेले आहे. आधी पाण्याला वास येतो आणि बायका नळावर कुरकुरतात. मग एका गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब. आशाच्या पिशवीतली ओआरएसची पाकिटे नेहमीपेक्षा लवकर संपतात. मेडिकलवाल्याकडे जुलाबाच्या गोळ्यांची मागणी वाढते. इस्पितळात रोगी भरती होतो तोवर दोन-चार दिवस गेलेले असतात. या पहिल्या तीन खुणा फक्त गल्लीत फिरणाऱ्या माणसाला दिसतात. एएनएमने लक्षणांनुसार रोग्यांची संख्या कळवायची व्यवस्था आहेच, पण नुसता आकडा आणि ‘एकाच गल्लीत तीन घरे’ ही बातमी यांत फार अंतर आहे. बातमी त्याच दिवशी गेली पाहिजे, आणि ती घेणारा कोणी असला पाहिजे.

यासाठी लागते काय? क्लोरीन तपासणाऱ्या ओटी द्रावणाची एक बाटली आणि काचेची नळी. नळाच्या पाण्यात काही थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळे होते, निदान ०.२ मिलिग्रॅम दर लिटरला उरलेले हवे. रंग आलाच नाही तर पाणी पुरवठ्याच्या अभियंत्याला फोन. आज नर्सने फोन केला तर अभियंत्याने तो उचललाच पाहिजे असे कुठे आहे? आरोग्य एका खात्याकडे, नळ महापालिकेकडे, अंगणवाडी तिसरीकडे. एका प्रभागासाठी या तिघांचा एक कागद हवा, ज्यावर नर्सचे नाव, पाण्याच्या उपअभियंत्याचे नाव, आणि तीन घरांत जुलाब झाल्यास चोवीस तासांत पाण्याचा नमुना घ्यायचा हे लिहिलेले असेल. कचऱ्यासाठी असा ताळमेळ या शहराने जमवून दाखवला आहे, तेव्हा जमत नाही हे कारण इंदुराने तरी देऊ नये.

विश्वासाचेही असेच. १ एप्रिल २०२० ला टाटपट्टी बाखलमध्ये करोनाच्या तपासणीला गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. त्याची बातमी देशभर गेली, निषेध झाला, तो योग्यच होता. पण पांढऱ्या पोशाखात तोंड झाकलेली अनोळखी माणसे आणि गेल्या महिन्यात ज्यांच्या बाळाला टोचले ती सिस्टर, यांना दार उघडण्यात फरक पडतो. साथीच्या दिवशी ओळख तयार करता येत नाही.

क्षयरोगाबद्दल एकच गोष्ट. रिफॅम्पिसिन सुरू झाल्यावर लघवी लालसर होते. हे पहिल्या दिवशी सांगितले नाही तर रोगी घाबरून औषध सोडतो. ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनचेही तसेच: दर तीन महिन्यांनी घ्यायचे, टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, पाळी अनियमित होईल हे आधी सांगायचे. न सांगितल्यास बाई दुसऱ्या डोसला येत नाही. थोडक्यात, औषध सरकार पुरवते आणि ते चालू राहील की नाही हे ठरते संभाषणावर, आणि संभाषण कोणत्याही उद्दिष्टात मोजले जात नाही.

आता हा सगळा वस्त्यांचा प्रश्न आहे, आपल्याला काय त्याचे, असे वाटणाऱ्या मराठी वाचकासाठी. राजेंद्रनगर-सुदामानगरच्या घरांत आज सत्तरी ओलांडलेली जोडपी आहेत, मुले पुण्यात किंवा बंगळुरात. काकांना रक्तदाब, काकूंना साखर, गोळ्यांचे डबे भरलेले, आणि शेवटचा रक्तदाब कधी मोजला हे आठवत नाही, कारण डॉक्टरकडे जायचे तर रिक्षा आणि सोबत हवी. वृद्धांची आणि दीर्घ आजाऱ्यांची काळजी आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राच्या, सेवांत धरलेली आहे. ती घेतो कोण? नर्स दारात आली तर सोसायटीचा वॉचमन तिला गेटवर थांबवतो, आणि वर फोन केला तर ‘आम्ही प्रायव्हेटमध्ये दाखवतो’ असे उत्तर. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे टोचलेल्या बाळाची माहितीही तिला मिळत नाही, मग ते बाळ सरकारी यादीत ‘एकही लस न घेतलेले’ म्हणून राहते आणि ती त्याच घरी तीन फेऱ्या मारते. मध्यमवर्गाने या सेवेला दार लावून घेतले आहे, आणि ज्या सेवेचा मध्यमवर्गाशी संबंध नाही तिच्याबद्दल वर्तमानपत्राला पत्र कोणी लिहीत नाही.

एक आक्षेप नेहमी येतो: नर्सेस फिरतच नाहीत, मोकळीक दिली तर घरी बसतील. काही बसतातही. पण आजच्या पाळतीने त्या पकडल्या जात नाहीत. फोटो पाठवून, १२०/८० लिहून, आकडा पुरा करून पाट्या टाकणारी नर्स तक्त्यात उत्तम दिसते, आणि ‘माझ्याकडे सतरा मुले राहिली आहेत’ असे खरे सांगणारी बोलणी खाते. मोजायचे असेल तर उलटे मोजा. दर महिन्याला प्रत्येकीकडून राहिलेल्यांची नावानिशी यादी घ्या, प्रत्येक नावापुढे कारण: गावी गेले, नकार, आजारी, सापडले नाही. पर्यवेक्षिकेने त्यातली दहा घरे स्वतः जाऊन बघावी. ज्या नर्सची यादी लांब आणि खरी, तिला मदत पाठवा. ज्या नर्सची यादी कायम कोरी, तिच्याकडे आधी जा.

बाकी मागण्या साध्या आहेत. प्रत्येक केंद्रावर नोंदी करणारा एक माणूस, सगळी ॲप एकमेकांशी बोलू लागेपर्यंत. आठवड्याचे दोन दिवस मोहीम आणि बैठकीपासून मुक्त, फक्त घरभेटींसाठी. तिशीवरचे पुरुष दिवसा भेटत नाहीत म्हणून महिन्यातून दोन संध्याकाळी तपासणी, पण तेव्हा सोबत दुसरा माणूस आणि परतायला वाहन द्या. पुरुष कार्यकर्त्याचे पद शहरात पुन्हा भरा. डेंग्यूचे हौद, पाण्याचे नमुने आणि साइटवरच्या ठेकेदाराशी बोलणे ही कामे त्याच्याकडे गेली तर वर्षाचे शे-दोनशे तास सुटतील. ज्या अंगणवाडीत सत्र होते तिथे वापरता येईल असे स्वच्छतागृह असावे, हे लिहावे लागते हीच शरमेची गोष्ट. सकाळी नऊ ते दुपारी तीन पाणी न पिता काम करणाऱ्या बायकांकडून आपण इतर बायकांना भरपूर पाणी प्या असे सांगवून घेतो.

आणि हद्दी. महापालिकेचे ८५ प्रभाग, आरोग्य केंद्राची हद्द आणि अंगणवाडीची हद्द यांच्या रेषा एकमेकींवर बसत नाहीत. दोन रेषांच्या मध्ये ज्या गल्ल्या पडतात त्या दोन्ही नर्सना वाटते दुसरीच्या आहेत. नव्या कॉलन्या तर कुणाच्याच नसतात. हे काम पैशाचे नाही, एका टेबलावर तीन नकाशे पसरून आठवडाभर बसण्याचे आहे. त्याच वेळी करार संपून एक नर्स जाते आणि दुसरी येते तेव्हाचा नियमही करून टाकावा: जाणारीने येणारीला पंधरा दिवस बरोबर घेऊन प्रत्येक गल्ली दाखवायची, जोखमीच्या गरोदर बायका, औषधावरचे क्षयरोगी, नकार देणारी घरे, ठेकेदारांचे नंबर, कोणत्या घरी सासूशी आधी बोलायचे हे सगळे हाती द्यायचे, आणि त्या पंधरा दिवसांचा पगार दोघींना द्यायचा. आज तिला फक्त रजिस्टर आणि ॲपचा पासवर्ड मिळतो.